‘मॅनेज करणें’

कांहीं काळापूर्वीं आम्हीं इयत्ता नववीच्या वर्गांत मराठी व्याकरणाचा एक लहानसा पाठ घेतला. विषय होता प्रयोग ओळखण्याचा. पुस्तकांतील ठराविक वाक्यांचा मुलांस कंटाळा येतो, हें जाणून आम्हीं सांगितलें कीं, घरीं, एस्टींत किंवा बाजारांत जीं वाक्यें तुमच्या कानांवर पडतात, त्यांतलींच पांच लिहून आणा आणि प्रत्येकाचा कर्ता, कर्म व प्रयोग सांगा. दुसऱ्या दिवशीं वह्या आल्या. त्यांपैकीं एका वहींत सुबक अक्षरांत पुढील वाक्य होतें : ‘बाबांनीं साहेबांना मॅनेज केलें.’ त्याखालीं लिहिलें होतें, ‘कर्ता बाबा, कर्म साहेब, प्रयोग भावे.’

उत्तर बिनचूक होतें. आम्हीं पूर्ण गुण दिले. परंतु ती वही मिटून दुसरी उघडण्यास आमचा हात बराच वेळ उठेना. ज्या गोष्टीनें मनुष्यानें मान खालीं घालावी, ती त्या मुलानें व्याकरणाचा नमुना म्हणून निःशंकपणें लिहून आणिली होती, आणि तींत कांहीं वावगें आहे हें त्याच्या ध्यानींमनींही नव्हतें. ती वही कोणाची होती, हें आम्ही कोणास सांगितलें नाहीं व सांगणारही नाहीं; कारण असें वाक्य आज कोणत्याही वहींत सांपडूं शकेल. दोष त्या मुलाचा नव्हता. ज्या आम्हां वडील माणसांनीं तें क्रियापद त्याच्या कानांवर घातलें, त्यांचा तो होता. म्हणून ह्या एका शब्दाविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं, आणि त्याहूनही त्यांच्या पालकांशीं, थोडें बोलावें असें मनांत आहे.

प्रथम ह्या पाहुण्याचें कुळ पाहूं. इंग्रजी भाषेंत हा धातु सोळाव्या शतकांत इटालियन भाषेंतून आला. घोड्यास हाताळणें, त्यास चालीस लावणें, असा त्याचा तेथील अर्थ होता. आणि त्याच्या मुळाशीं लॅटिन भाषेंतील ‘मानुस्’, म्हणजे हात, हा शब्द आहे. त्याच मुळापासून हस्तलिखितास ‘मॅन्युस्क्रिप्ट’ व हातानें चालवावयाच्या यंत्रास ‘मॅन्युअल’ म्हणूं लागले. नवल असें कीं, मराठींत अगदीं ह्याच रीतीनें घडलेला शब्द पूर्वींपासून आहे. संस्कृत ‘हस्त’, त्याचें प्राकृत ‘हत्थ’, त्यापासून मराठी ‘हात’, आणि हातापासून ‘हाताळणें’. म्हणजे जो पाहुणा आपण परदेशांतून मोठ्या कौतुकानें आणिला, त्याचा सख्खा भाऊ आपल्या घरांत आधींच राबत होता.

इंग्रजी बोलण्यांत ह्या क्रियापदाचे मुख्य अर्थ तीन. पहिला, कारभार पाहणें. जसें, दुकानाचा, कारखान्याचा किंवा शाळेचा. दुसरा, अडचण असतांही एखादी गोष्ट पार पाडणें. कोणी जड पेटी उचलीत असतां आपण मदतीस पुढें झालों, तर तो म्हणतो कीं, मी मॅनेज करीन. म्हणजे मला जमेल, आपण तसदी घेऊं नये. तिसरा, अवघड स्वभावाच्या मनुष्यास किंवा जनावरास युक्तीनें सांभाळून घेणें. ह्या तिसऱ्या अर्थांत थोडी चतुराई आहे खरी. परंतु ती आजाऱ्यास गोड बोलून औषध पाजणाऱ्या परिचारिकेची चतुराई आहे. तींत नोटांचें पाकीट नाहीं.

आतां हा पाहुणा आमच्या घरीं येऊन काय काय करतो तें पाहा. महिनाअखेर डब्यांतील तांदूळ तळाशीं गेले आहेत, इतक्यांत दारीं चार पाहुणे येतात. आणि आई म्हणते, ‘तुम्ही बसा, मी मॅनेज करतें.’ ह्या वाक्यांत एका गृहिणीची सारी थोरवी सांठविलेली आहे. पूर्वींची आई हेंच ‘मी भागवतें’ असें म्हणत असे. कोणी तरुण दिवसा नोकरी करून रात्रीं परीक्षेचा अभ्यास करतो, तेव्हां तो दोन्ही मॅनेज करतो; म्हणजे सांभाळतो. मांडवांतील जेवणावळ मॅनेज होते. म्हणजे तिची व्यवस्था लागते. कठीण प्रसंग मॅनेज होतो; म्हणजे निभावतो. येथवर आमची तक्रार एवढीच कीं, भागवणें, सांभाळणें, व्यवस्था लावणें, निभावणें, जमविणें, आवरणें, उरकणें, अशीं निरनिराळ्या छटांचीं आमचीं क्रियापदें एका बाजूस बसून राहिलीं आहेत आणि सर्वांचें काम एकटा पाहुणा करीत आहे. जो शब्द सगळ्यांसाठीं चालतो, तो कोणासाठींच नेमका नसतो.

परंतु ह्याच पाहुण्याचें दुसरें एक रूप आहे. पंच मॅनेज झाले. साक्षीदार मॅनेज केला. सामना मॅनेज होता. समोरचा उमेदवार मॅनेज झाला. येथें हात तोच. पण तो आतां घोड्याच्या लगामावर नाहीं, तो मेजाखालून पुढें आलेला आहे. आणि ज्या शब्दानें आईच्या काटकसरीचें वर्णन करावयाचें, त्याच शब्दानें ह्या व्यवहाराचें वर्णन झाल्यामुळें आईची अब्रू ह्या व्यवहारास फुकट मिळते. आमचा खरा आक्षेप हा आहे.

मुलांनीं ह्या दोन रूपांतील भेद कसा ओळखावा ? व्याकरणच येथें मदतीस येतें. क्रियापदाचें कर्म काय आहे तें पाहा. कर्म जर काम, वेळ, पैसा, गर्दी किंवा अडचण असेल, तर बहुधा तें बोलणें निर्दोष असतें. कर्म जर मनुष्य असेल, आणि तोही असा मनुष्य कीं ज्याला कोणाचीही बाजू न घेतां आपलें कर्तव्य करावयाचें आहे, तर सावध व्हावें. आणखी एक खूण आहे. ‘बाबांनीं साहेबांना मॅनेज केलें’ ह्या वाक्यांत निदान बाबा तरी दिसतात. पण मोठीं माणसें तेंच वाक्य ‘साहेब मॅनेज झाले’ असें बोलतात. आतां साहेब कर्त्याच्या जागीं आले आणि ज्यानें पैसे दिले, तो वाक्यांतून निघून गेला. पाऊस पडला, दिवस उजाडला, तसे साहेब मॅनेज झाले. जणूं कोणीं कांहीं केलेंच नाहीं ! ज्या वाक्यांत करणारा सांपडत नाहीं, त्या वाक्याजवळ थांबून ‘हें कोणीं केलें ?’ असें विचारण्याची संवय विद्यार्थ्यांनीं लावून घ्यावी. व्याकरणाचा ह्याहून मोठा उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

कोणी म्हणेल कीं, मास्तर इंग्रजी शब्दांचे वैरी दिसतात. तसें मुळींच नाहीं. माधवराव पटवर्धन यांनीं १९३८ सालीं ‘भाषाशुद्धिविवेक’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून परकीय शब्दांचा मोठा विचार केला. त्या वादांत आम्हांस आज शिरावयाचें नाहीं. आम्ही स्वतः टेबलापाशीं बसून पेनानें लिहितों. फारसींतून आलेले कागद, वकील, फिर्याद व जमीन हे शब्द आणि पोर्तुगीजांनीं आणिलेले बटाटा, पाव व चावी हे शब्द आमच्या घरचेच झाले आहेत. जो शब्द नवी वस्तु किंवा नवा विचार घेऊन येतो, त्याचें स्वागत करावें. पण जो शब्द जुनें पाप नव्या कपड्यांत झांकून घरांत आणतो, त्यास उंबरठ्यावरच दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

दुसरा कोणी म्हणेल कीं, असें झांकणें कांहीं आजचें नव्हे. चहापाणी, चिरीमिरी, वजन ठेवणें, हात ओले करणें, हे शब्द आपल्या आजोबांनींच वापरले. आणि इंग्रजांचा तरी हात कोठें कोरडा आहे? त्यांच्याही बोलींत ‘फिक्स’ हें एक क्रियापद आहे. मोडकें यंत्र दुरुस्त करणें हा त्याचा एक अर्थ, आणि पैसे चारून निकाल आधींच ठरविणें हा दुसरा. २००० सालीं क्रिकेटच्या सामन्यांचें प्रकरण उघडकीस आलें, तेव्हां हा दुसरा अर्थ भारतांतील लहान मुलांसही कळला. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. लाज झांकण्यासाठीं शब्द शोधणें हा मनुष्याचा सर्व देशांतील धर्म आहे. पण जुन्या व नव्या शब्दांत एक अंतर आहे. ‘चिरीमिरी’ म्हणतांना बोलणाऱ्याचा आवाज उतरतो आणि ओठावर किंचित् तुच्छता येते. ‘हात ओले केले’ म्हटलें कीं ऐकणारा समजतो व हसतो, म्हणजे पाप ओळखलें गेलेलें असतें. ‘मॅनेज केलें’ म्हणतांना मात्र आवाज चढतो. कारण हा शब्द मॅनेजरच्या खुर्चीजवळचा व मोठमोठ्या विद्यालयांत शिकविल्या जाणाऱ्या मॅनेजमेंटचा नातलग आहे. त्यांत कर्तबगारीचा वास आहे. जुना शब्द लाज झांकीत होता; नवा शब्द लाजेच्या जागीं फुशारकी आणून बसवितो.

हें सर्व लिहिण्यास मुळशी तालुक्याहून योग्य जागा कोणती ? आमच्या शाळेंत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या आजोबांनीं भाताचीं खाचरें लावलीं. आज हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत, पिरंगुटास कारखाने आहेत, आणि पौडच्या रस्त्यावर जमीन एकरानें नव्हे, गुंठ्यानें मोजली जाते. जेथें जमिनीचा भाव चढतो, तेथें नोंदी, नकाशे, मोजणी व परवाने यांचाही भाव चढतो. आणि जेथें परवान्याचा भाव चढतो, तेथें ‘मॅनेज’ हा शब्द दिवसांतून दहा वेळां ऐकूं येतो. २०१८ सालीं ह्या तालुक्याचें नांव घेऊन निघालेल्या ‘मुळशी पॅटर्न’ ह्या चित्रपटानें जमीन विकून बसलेल्या घरांची पुढची पिढी कोठें जाऊं शकते, हें साऱ्या महाराष्ट्रास दाखविलें. त्यांतील मारामाऱ्या मुलांच्या लक्षांत राहिल्या. आमच्या लक्षांत राहिली ती हातची जमीन गेलेल्या बापाची अवस्था.

ह्याच भूमीवर शंभर वर्षांपूर्वीं निराळी भाषा बोलली गेली होती. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें मुळा नदीवर धरण बांधावयाचें ठरविलें, आणि त्यासाठीं १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालीं मावळ्यांच्या जमिनी घेतल्या जाऊं लागल्या. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ ही पदवी मिळाली ती ह्याच लढ्यांत. त्या वेळींही कायद्याच्या कागदांत गुळगुळीत शब्द होतेच. ज्या कामानें खाचरें बुडणार, त्यास सार्वजनिक प्रयोजन म्हणत. आणि सातबाप कसलेली जमीन सोडण्याबद्दल जें मिळे, त्यास मोबदला म्हणत. जमिनी कागदोपत्रीं ज्यांच्या नांवावर होत्या, त्यांपैकीं पुण्याच्या कांहीं सावकारांनीं मोबदल्याची वाट धरली. कसणारा मावळा मात्र एकच साधें वाक्य बोलत राहिला, ‘जमीन देणार नाहीं.’ तो लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि १९२७ पासून तें पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहांत पडूं लागलें. पण त्या हरलेल्या माणसांच्या वाक्यांत कर्ता होता, कर्म होतें आणि क्रियापदही होतें. कोणीं काय घेतलें आणि कोणीं काय दिलें नाहीं, हें शंभर वर्षांनंतरही आपणांस स्वच्छ समजतें. आज आमचें एखादें खाचर गेलें व त्याची हकीकत ‘मॅनेज झालें’ ह्या दोन शब्दांत उरली, तर आमच्या नातवंडांस त्यावरून काय समजणार ?

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं आपली वही उघडून दाखवावी, हें शिक्षकास शोभतें. आमचे वडील वारल्यानंतर राहत्या घराच्या नोंदींत वारसांचीं नांवें लावावयाचीं होतीं. एका कचेरींत आमच्या चार खेपा झाल्या. प्रत्येक वेळीं एक कागद कमी पडे. पांचव्या खेपेस दारापाशीं एक गृहस्थ भेटले. ते आदरानें म्हणाले, ‘गुरुजी, आपण कशाला हेलपाटे घालतां ? मी मॅनेज करतों.’ आम्हीं मान हलविली. त्यांनीं जर ‘मी आंत लांच देतों, तीन हजार काढा’ असें म्हटलें असतें, तर आम्ही तेथून निघालों असतों. निदान निघावें कीं नाहीं, हा प्रश्न तरी मनांत उभा राहिला असता. त्या एका शब्दानें तो प्रश्न उभाच राहूं दिला नाहीं. आठ दिवसांत नोंद झाली. घरीं पत्नीनें विचारलें, ‘झालें का काम ?’ आम्ही म्हणालों, ‘हो, मॅनेज झालें.’ आमचा मुलगा तेथेंच पाटावर अभ्यास करीत बसला होता. त्यानें मान वर केली नाहीं. तें वाक्य त्यानें आपल्या मनाच्या वहींत कोणत्या प्रयोगाखालीं लिहून ठेवलें, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस आजवर झालेलें नाहीं.

आम्हांस त्या वेळीं ठाऊक असावयास हवें होतें, तें आतां पालकांस सांगतों. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं दुरुस्ती झाली. तेव्हांपासून लांच घेणाऱ्याप्रमाणें लांच देणाराही शिक्षेस पात्र आहे. एखाद्यास बळजबरीनें द्यावी लागली, तर त्यानें सात दिवसांच्या आंत तपास यंत्रणेस कळवावें, म्हणजे त्यास ह्या गुन्ह्यापासून संरक्षण मिळतें. महाराष्ट्राच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठींच आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यान्वयें अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतींत मिळणें हा नागरिकाचा हक्क आहे. मुदत टळली तर वरिष्ठांकडे अपील करतां येतें. सातबाराचा उतारा आतां डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या काढतां येतो. हा मार्ग लांबचा आहे, आणि कांहीं वेळां फारच लांबचा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्याची मजुरी बुडते, त्यास पांच खेपा परवडत नाहींत, हेंही आम्ही जाणतों. अशा मनुष्याच्या हातून कांहीं घडलें, तर त्यास दगड मारण्याचा अधिकार आमच्यासारख्या पगारी माणसास नाहीं. आमचें मागणें त्याहून लहान आहे. देणें चुकवितां आलें नाहीं, तर निदान घरांत मुलांसमोर त्यास खऱ्या नांवानें हांक मारा. ‘आज मला लांच द्यावी लागली’ असें ज्या घरांत बाप खालच्या आवाजांत म्हणतो, त्या घरांतील मुलास खरें काय व खोटें काय, हें अजून कळतें. ‘आज मीं मॅनेज केलें’ असें जेथें बाप चढ्या आवाजांत म्हणतो, तेथें मुलगा फक्त युक्ति शिकतो.

त्या वहीनंतरच्या तासास आम्हीं वर्गास नवा अभ्यास दिला. फळ्यावर ‘मॅनेज’ शब्दाचीं दहा वाक्यें लिहिलीं आणि तो शब्द काढून त्याच्या जागीं नेमका मराठी शब्द घालावयास सांगितलें. मुलें उत्साहानें पुढें आलीं. भागवलें, सांभाळलें, जमलें, आवरलें, निभावलें. एकामागून एक नऊ वाक्यें सुटलीं. दहावें वाक्य कबड्डीच्या सामन्याचें होतें : ‘पंच मॅनेज झाले.’ वर्ग एकदम शांत झाला. शब्द कोणास येत नव्हता असें नाहीं. तो सर्वांस येत होता, हेंच त्या शांततेवरून दिसलें. शेवटीं मागच्या बांकावरील एक मुलगी, जी एरवीं फारशी बोलत नाहीं, हळूच म्हणाली, ‘गुरुजी, पंचांनीं पैसे खाल्ले.’

आम्हीं तें वाक्य जसेंच्या तसें फळ्यावर लिहिलें. कर्ता पंच, कर्म पैसे, प्रयोग कर्मणि. मग मुलांस विचारलें, ‘हे पैसे दिले कोणीं ?’ त्या प्रश्नाचें उत्तर फळ्यावर लिहिण्यापूर्वींच तासाची घंटा झाली. तें उत्तर लिहिण्याचें काम आतां आमच्या वाचकांकडे आहे. आणि तें घरीं करावयाचें आहे.